ठिबक

चोपड्याला एप्रिलात रात्री दोन वाजताही
कूलरमधून गरम वाराच यायचा.
मी पंप लावून बसायचे भिंतीकडे तोंड करून.
रिकाम्या बाटलीत रिकामा आवाज,
घुर्र, थांब, घुर्र.
दर तीन तासांनी.
मोबाइलच्या गजराला नाव दिलं होतं 'भात शिजतोय',
कुणी पाहिलंच तर.

फिरके डॉक्टरीण म्हणाल्या, कूस भरायलाच हवी असं नाही.
कुणीतरी मागतंय, एवढं अंगाला कळू दे.
अकरा वर्षं माझ्या अंगाकडे सगळे मागतच होते.
असं नव्हतं मागितलं कुणी.

सासूबाईंनी अळिवाचे लाडू वळले, बोलल्या काही नाहीत.
डबा फळीवर ठेवला. नणंदेच्या बाळंतपणातला.

एकविसाव्या दिवशी एक थेंब.
दूध म्हणवत नव्हतं त्याला.
बोटावर घेतला, चाखला,
दिवसभर कुणाला सांगितलं नाही.

मग धुळ्याच्या संस्थेतून ती आली,
चौऱ्याहत्तर दिवसांची, कागदावर दुसरंच नाव,
बाटलीची सवय लागलेली.
तोंड फिरवायची, पाठ ताणून रडायची.
मला वाटायचं, ओळखलंय हिने.

छातीशी चिकटपट्टीने बारीक नळी लावायची,
पावडरचं त्यातून, माझं असेल तेवढं माझ्यातून.
एका रात्री नळी तुंबली.
युवराज दिवसभर केळीच्या वावरांत ठिबक अंथरतो.
उठला, नळी बल्बसमोर धरली, फुंकली,
"चोक झालीय," म्हणाला,
गरम पाण्यातून काढून आणली
आणि बाटली उंच धरून तसाच बसला,
रात्रीच्या लाइटीवर मोटरीपाशी बसतात तसा,
पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचेतो.

पोटभर माझं कधीच निघालं नाही.
चौथा हिस्सा, फार तर.
शेजारच्या यमुनाबाई विचारायच्या,
"तुले दूध उनं का वं? आनि उनं कसं?"
पहिल्याचं उत्तर सोपं होतं.

परवा बाजारात भरताची वांगी निवडत होते.
मसाल्याच्या पालाकडे कुणाचं तरी मूल रडलं
आणि माझा ब्लाउज भिजला.
पदर ओढला, तोवर उशीर झालेला.
वांगीवालीने बघितलं. तागडी खाली ठेवली.
"घर जाय वं माय, पोर रडी ऱ्हायनं व्हई."

एवढंच. कसं, कुणाचं, काही नाही.
मी निघाले,
वांगी, पिशवी, पन्नासातले सुटे,
सगळं तिथंच राहिलं.