तीनशे एक्केचाळीस

बेगडेवाडी स्टेशनाच्या पुढे, इंदोरीच्या अलीकडे
भाचीचं पॉलीहाऊस. दहा गुंठे, वीस ओळी.
फेब्रुवारीत संज्योतचा फोन आला,
"मामा, फुलं येतात नि गळतात.
देठाच्या सांध्याशी आधी पिवळी पडतात,
मग नुसता हात लागायचा अवकाश."

बत्तीस वर्षं मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये
काचेच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळल्या.
शेतीतलं मला काय कळतं?
पण रिटायर होताना भंगारात निघालेला
नादकाट्यांचा संच घरी आणला होता:
लाकडी पेटी, निळी मखमल, आठ खाचा, काटे सात.
(चारशे सव्वीस ब्याण्णवच्या बॅचने हरवला.
मला अजून एका मुलाचा संशय आहे.)

टोमॅटोचं फूल मान खाली घालून असतं.
पराग आत, पिवळ्या नळीत, मिठाच्या डबीसारखा,
हलवल्याशिवाय सांडत नाही.
बाहेर वारा हलवतो. आत वारा कुठला?
आत प्लॅस्टिक, ठिबकची टपटप
आणि साडेअकराला छत्तीस अंश.
पहाटे पराग दमट, चिकट,
दुपारी मेल्यात जमा.
आपल्या हातात नऊ ते साडेदहा.

चपलेच्या टाचेवर काटा आपटायचा,
दांडी घोसाच्या देठाला टेकवायची.
दोनशे छप्पनला फूल ढिम्म.
पाचशे बाराला थरथरलं, दिलं काहीच नाही.
तीनशे एक्केचाळीसला
खाली धरलेल्या छत्रीच्या काळ्या कापडावर
हळद पडली,
नखाच्या टोकावर मावेल एवढी.

मला सूर कळत नाहीत, आकडे कळतात.

दोन हजार झाडं, झाडाला तीन-चार घोस,
आणि काटा सात सेकंदांत विझतो.
तिसऱ्या दिवशी टाच झिजली,
उजवा खांदा बोलायला लागला.
संज्योतनं हिशेब केला, पण मोठ्यानं नाही.

तान्हाबाई गराडे क्रेट धुवत होत्या.
पदराला हात पुसत आल्या, म्हणाल्या,
"एकोणिसाव्या ओळीला तुमचं हत्यार नका लावू, काका."
का?
"तिथं धरलंय."

आम्ही इतके दिवस फळधारणा म्हणत होतो,
मीटिंगमध्ये म्हणतात तसं.

एकोणीस आणि वीस. कोपऱ्यातल्या झाडांना
हिरवे दाणे, ओल्या हरभऱ्याएवढे,
वाळकं फूल अजून टोपडं होऊन बसलेलं.
पलीकडे जाळी फाटलेली, वीतभर.
"दिवाळीत माझ्याच हातनं. क्रेटचा कोपरा लागला.
सांगणार होते, ताई. पण त्याच दिवशी
पांढऱ्या माशीवरून तुम्ही सगळ्यांना बोललात.
राहिलं ते राहिलंच."

संज्योत काही म्हणाली नाही.
आम्ही तिघं उकिडवे बसलो.
सव्वानऊला ती आली, पोटावर निळे पट्टे,
बोटाच्या पेराहून लहान.
फुलाला खालून लटकली, पंख मिटले
आणि नुसत्या अंगानं वाजली.
मी कान जवळ नेला. पेटी उघडली नाही.
थोडी वर होती. तीनशे पन्नास म्हणू.

जाळी तशीच ठेवलीय.
शेजारी पिवळे चिकट सापळे टांगलेत,
पांढरी माशी येते, अडकते, काही सुटतातही.
बाकीच्या ओळींत तान्हाबाई बांबूच्या काठीनं
वरच्या तारेला ठोके देत पुढे जातात,
एका ठोक्यात अख्खी ओळ शहारते.
मी मागून, त्यांनी सोडलेल्या घोसांना,
नव्या चपलेनं. ही जरा कडक आहे,
काटा नीट बोलत नाही.

काल पहिली ओळ, सातवं झाड, दुसरा घोस:
एक हरभरा.
काठीचा, काट्याचा, की इतक्या लांब आलेल्या माशीचा?
जुन्या सवयीनं वहीत तारीख घातली,
तापमान एकोणतीस, निरीक्षण लिहिलं.
अनुमानाची ओळ कोरी सोडली
आणि ठिबकचा व्हॉल्व्ह बंद करायला गेलो.