कार्ड

नव्या पेठेतला सेकंडहँड लॅपटॉप, आठ हजार,
कीबोर्डवरचा एन पुसलेला.
विंडोज काढून लिनक्स मीच टाकलं,
मे महिन्यातल्या एका दुपारी, खिडकीला ओला टॉवेल बांधून,
टॉवेल वाळायच्या आत.
आवाज आला, पडदा उजळला, बॅटरीसुद्धा शहाण्यासारखी वागली.
फक्त वरच्या कोपऱ्यात, वायफायची खूण असते तिथं
काहीच नाही. फुलीसुद्धा नाही.

फुली असती तर भांडता आलं असतं.

टर्मिनल उघडून विचारलं,
तुझ्या पोटात काय काय बसवलंय ते सांग.
त्यानं लांबलचक यादी दिली, आणि तळाशी
नेटवर्क कंट्रोलर, कंपनीचं नाव, चार अक्षरी क्रमांक.
म्हणजे कार्ड आहे.
घरात आहे आणि हाकेला ओ देत नाही.

मग कर्नलची सगळी बडबड वाचून काढली,
यूएसबी, ब्लूटूथ, कॅमेरा, पुन्हा यूएसबी.
रात्री अडीचला एक तांबडी ओळ सापडली:
फर्मवेअर मिळालं नाही, चूक उणे दोन.
नेट नाही म्हणून फर्मवेअर नाही,
फर्मवेअर नाही म्हणून नेट नाही.
रेशनकार्डाला आधार पाहिजे
आणि आधारला रेशनकार्ड, तसलंच.

पाणी प्यायला उठलेले नाना दारात थांबले.
एमैंदि?
कार्ड सापडत नाही, नाना.
कुठलं? मोराचं?

नानांची एकतीस वर्षं कार्डं पाडण्यात गेली,
आलेखाच्या कागदावरून पुठ्ठ्यावर, भोक, भोक, कोरं, भोक.
मोराच्या चादरीला चौदाशे कार्डं,
दोऱ्यानं एकमेकांना शिवलेली,
जॅकार्डवरून माळेसारखी फिरायची.
एक भोक चुकलं तरी माग थांबत नाही, म्हणाले,
विणतच राहतो. मोर आंधळा निघतो.
गिऱ्हाईक सांगतं तेव्हा कळतं.

माझ्या शेजारी सतरंजीवर बसले ते.
मी मोबाइलला केबल लावली,
त्याच्या उरलेल्या डेट्यातून फाइल ओढून घेतली,
आधी चुकीच्या आवृत्तीची,
मग बरोबर.
योग्य फोल्डरात ठेवली. मॉड्यूल काढलं, परत घातलं.
तांबडी ओळ गेली.
कोपऱ्यात खूण आली, पण राखाडी.
विचारलं, कोणी अडवलंय?
उत्तर: सॉफ्ट ब्लॉक, नाही. हार्ड ब्लॉक, होय.

हार्ड म्हणजे काय, मी अर्धा तास वाचत बसले.
नानांनी तेवढ्यात लॅपटॉप मांडीवर घेतला
आणि कडेवरून अंगठा फिरवला,
पुठ्ठ्याची कड तपासायचे तसा, डोळे दुसरीकडे.
उजवीकडे, चार्जरच्या भोकापुढे थांबले.
इथं खटका आहे बघ.
नखानं सरकवला.
खटका बंद ठेवून मागाला शिव्या देतेस?

आणि गल्ली उतरली पडद्यावर.
नानांना इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, मी वाचत गेले:
येमुल टॉवेल्स, दुसरा मजला.
बुर्रा पापड.
पासवर्ड मागू नये.
आमचं स्वतःचं, चार दिवसांपूर्वी रिचार्ज संपलेलं.
आणि सगळ्यात खाली, एकाच रेघेचं,
गाजम जॅकार्ड.

परत वाच, नाना म्हणाले.
गाजम जॅकार्ड.

गाजमचे बारा माग दिवाळीच्या आधी गेले,
किलोच्या भावानं, टेम्पोच्या तीन फेऱ्यांत.
शेडमध्ये आता मांडवाच्या खुर्च्या असतात,
एकावर एक.
त्या तिसऱ्या फेरीत नानाही बसून गेले होते
वजनकाट्यापर्यंत. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी नावावर क्लिक केलं.
पासवर्ड मागतोय, म्हटलं.
नाना बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले,
अंगठा अजून खटक्यावर.

सकाळी विचारतो त्याला, म्हणाले.
बंद नको करू.