मोठं दहा पेन्स

विदर्नसीच्या किनाऱ्यावर हॅलमचं आर्केड होतं.
आता तिथे गाद्यांचं दुकान आहे, तेही बंद.
मी तिथला मेकॅनिक. सव्वीस वर्षं.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशात फ्यूज,
बोटांना नाण्यांचा वास, जो साबणाने जायचा नाही
आणि रविवारी चर्चमध्ये हात जोडले की नाकाशी यायचा.

आठ नंबरचं यंत्र मी गॅरेजमध्ये आणून ठेवलंय.
तीन चाकं. चेरी, लिंबू, आलुबुखार,
घंटा, काळा बार, आणि कलिंगड,
जे आलं की अख्खी रांग मान वळवायची.

चाकं डावीकडून थांबायची.
ठक्.
ठक्.
तिसरं जड होतं.
खरं तर नव्हतं, मी तिन्ही तराजूत घालून पाहिलीत,
पण दोन घंटा लागल्यावर ते जडच असायचं.

कधी खालची बटणं लुकलुकायची: धरून ठेव.
कधी एक दिवा एक ते चार आकड्यांवरून पळायचा,
तो तळहाताने थोपवायचा,
जिथे थांबेल तेवढ्या कोपरखळ्या चाकाला देता यायच्या.
काचेच्या वरच्या कडेला नुसतं बूड दिसायचं फळाचं.
त्यावरून वरचं सगळं ओळखणारी माणसं होती आमच्याकडे.
खेकड्यांच्या होडीवरचा सेप्टिमस,
ज्याला लेकींचे वाढदिवस आठवत नसत,
त्याला तिसऱ्या चाकावरची वीसच्या वीस चित्रं पाठ.

नशीब फळफळतं म्हणतात,
त्याचा आवाज पत्र्याचा असतो. मी ऐकलाय.
ताटलीत नाणी कोसळायची
आणि चिप्स खाणारी पोरं व्हिनेगरच्या बोटांनी धावत यायची.

बहुतेक वेळा फळफळायचं नाही, हेही सांगायला हवं.
एका हिवाळ्यात सेप्टिमसने त्यात
होडीचं इंजिन घातलं, नाण्यानाण्याने.
डबा मीच उपसला. वजन केलं, वहीत लिहिलं,
आणि दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, वारा पडलाय आज.

या यंत्राला जुनं, मोठं दहा पेन्सच लागतं.
ब्याण्णव साली नाणं लहान झालं,
नवं टाकलं तर ते सरळ खाली येतं, चवही न घेता.
माझ्याकडे जुनी चाळीस आहेत,
लोणच्याच्या कांद्यांच्या बरणीत.
रात्री खेळतो, बरणी संपते,
दार उघडतो, तीच चाळीस बाहेर.
जिंकलो तरी माझी, हरलो तरी माझी.
याला खेळणं म्हणत नाहीत.
हे भांडी घासून परत मांडणीत लावणं झालं.

गुरुवारी मर्टल आली.
हॅलमकडे सुट्ट्यांच्या खिडकीत बसायची ती,
नोट न बघता घ्यायची, माणूस बघून.
आता एक्क्याऐंशी, बोटं वाकडी.
थोडा वेळ माझं खेळणं बघत उभी राहिली.
मग म्हणाली, किल्ली दे.
दिली.
तिने ती कोटाच्या आतल्या खिशात टाकली,
वरून बटण लावलं, त्याला बराच वेळ लागला.
आता खेळ.

एकोणतीस नाणी गेली.
तिसाव्याला हात घामेजला होता.
घंटा. घंटा.
आणि तिसऱ्याच्या वर, काचेच्या कडेला, एक बूड.
आलुबुखार, मी म्हणालो.
घंटा, ती म्हणाली. सेप्टिमसने शिकवलंय मला.
एकच कोपरखळी होती.
तिच्या वाकड्या बोटाने दिली.

नाणी कोसळू लागली, अकरा, बारा, तेरा,
आणि मधेच नळी रिकामी झाली. देणं अर्धवट.
वरचा तांबडा दिवा लागला: सेवकाला बोलवा.

मी तिच्या खिशाकडे पाहिलं.
ती माझ्या पेंट सांडायच्या स्टुलावर बसली,
ताठ, खिडकीत बसायची तशी.
येईल हं, म्हणाली,
मेकॅनिक जेवायला गेलाय.