दम धर

पुकारा झाला तेव्हा ते माझं नाव आहे हे मला कळलंच नाही.
"दतारम... शिजवान."
सोहारचं इस्पितळ, क्ष-किरण विभागाबाहेर
निळ्या खुर्च्यांवर आम्ही सात जण,
त्यात शिजवान कुणीच नाही.
शेजारच्या बंगाल्यानं माझ्या हातातला कागद वाचला
आणि कोपरानं ढोसलं. नेमकं दुखऱ्या बाजूला.

छातीचे फोटो माझे याआधीही निघालेत.
दर दोन वर्षांनी, व्हिसाला.
बसमधून चाळीस जण, शर्ट काढून हातात,
हनुवटी वर, खांदे पुढे, चल, पुढचा.
तिथं फुप्फुसात जुना डाग दिसला
की माणूस विमानात.
आमच्या खोलीतला धाकू टेमकर असाच गेला.
त्याची बादली आम्ही अजून वापरतो.
तेव्हापासून मशीनपुढे उभा राहिलो
की आत काही दडलंय का
ते आधी मीच चाचपून घेतो.

आज मात्र परांचीवरून पडलोय,
दीड पुरुष उंचीवरून, पाइपांच्या ढिगावर.
फोरमन म्हणाला, "चालतोयस ना? मग झालं."
तो बाहेर गाडीत, एसी लावून.

आतल्या बाईच्या काळ्या अबायावर पांढरा कोट,
बिल्ल्यावर रय्या.
कागदावर बोट ठेवून तिनं विचारलं, हे म्हणायचं कसं?
मी म्हटलं. तिनं म्हटलं.
तिसऱ्या खेपेला शिगवण निघालं,
ग जरासा घशातला.
गळ्यातला ताईत काढावा लागला.
तिनं तो कागदी पेल्यात ठेवला, पेल्यावर काही लिहिलं,
आणि पेला मला दिसेल असा खिडकीत.

पाटी गार होती.
तिनं आधी आपलेच दोन्ही तळवे तिच्यावर दाबून धरले,
तवा तापला का बघावं तसे, फक्त उलटं.
"हात लगाऊँ?" तिनं विचारलं.
सात वर्षांत इथं मला ढकललंय, ओढलंय, मोजलंय.
विचारलं नव्हतं.

काचेमागे एक यादी डकवलेली:
श्वास रोखा, नऊ भाषांत.
"तुझी कुठली?"
तिची मराठी यादीत नव्हती.
पेन सरसावून ती थांबली.

श्वास रोखून धरा, हे पुस्तकातलं.
आमच्यात कोण म्हणतं असं?
भात शिजेपर्यंत आई म्हणायची, दम धर.
घराचा स्लॅब कधी, म्हणून बायको विचारते
तेव्हा मी म्हणतो, दम धर,
आणि फोनवर नुसता पंख्याचा आवाज येतो.
तेच दिलं तिला.
तिनं उजवीकडून डावीकडे लिहून घेतलं.

स्पीकरमधून आलं, "दम दर."
धरला.
बरगडीत कळ उठली तरी धरला.
मशीन गुरगुरलं, थांबलं,
मी धरलेलाच.
सोडायचा शब्द मी तिला सांगितलाच नव्हता.

"खलास! खलास!" ती काचेमागून ओरडली,
आणि मला वाटलं, संपलो मी, आत तसंच काही दिसलं असणार.
मग दार उघडून तीच पुढे आली,
आणि लहान पोराला दाखवावं तसा
तोंडानं फुस्सकन वारा सोडून दाखवला.
हसलो. हसताना जे दुखलं ते विचारू नका.
"सोड," मी म्हटलं. "तो शब्द, सोड."
तिनं तोही लिहिला.

दोन बरगड्या तडकल्यात. डागबिग काही नाही.

फोरमननं काच अर्धी खाली केली.
"कल ड्यूटी?"
ताईत गळ्यात घालत मी म्हटलं, दम धर.
त्याला मराठी येत नाही.