शिट्टी काढून

शिट्टी काढून फळीवर ठेवलीय,
झाकणाचं रबर खुंटीला.
तळात वाटीभर जाडं मीठ, त्यावर वाकडी रिंग.
दहा मिनिटं नुसतंच तापू द्यायचं म्हणे.

पद्मल, एकतीस गळीत हंगाम मी काट्यावर बसलो.
भरली ट्रॉली, रिकामी ट्रॉली,
मधली वजाबाकी म्हणजे ऊस.
आता महिन्याला तुझी दोन वजनं लिहितो
तसल्याच निळ्या पेनानं:
उपाशीपोटी एकशे अडतीस,
जेवल्यावर दोनशे बारा.
मधली वजाबाकी म्हणजे काय
ते डॉक्टरीणबाई सांगतात. मी मान हलवतो.

तर मैदा नाही. साखर नाही.
गूळही नाही.
सांगलीत हे म्हणताना जीभ चाचरली.
अंडं तर आपल्यात नाहीच.
शेंगदाण्याचा कूट, तेल सुटू नये म्हणून
थांबत थांबत फिरवलेला,
जवस, खोबरं, कालचं आंबट दही,
दालचिनी, सुंठ, सहाणेवर उगाळलेलं जायफळ.
आणि चिमूटभर हळद, कुणी सांगितली नव्हती तरी.
सोडा पडला आणि जिथं हळद होती
तिथं कुंकू झालं.
बासष्ट वर्षं हळदीच्या गावात राहून
हे मला आज कळलं.

शिट्टी नाही, तर मोजायचं काय?
जन्मभर भोंग्यावर उठलो, तीन शिट्ट्यांवर जेवलो.
आज पंचेचाळीस मिनिटं कुकर गप्प
आणि मी स्टुलावर बसून वासाकडं कान लावलेला.
आधी दालचिनी आली.
मग जायफळ.
मग बराच वेळ कुणीच नाही.
तू दोनदा बाहेरून विचारलंस, गॅस चालू आहे ना?
मग शेंगदाणे आले, खरपूस,
जत्रेतल्या कढईतल्यासारखे.

तुझी स्वेटरची सुई खुपसली. कोरडी निघाली.
मध्ये भेग पडली होती,
कृष्णा ओसरल्यावर गाळाला पडते तशी.

तू तुकडा मोडलास, डोळे मिटून चावलास.
"केक कुठला हो, चटणी फुगलीय,"
म्हणालीस,
आणि ताटली परत पुढं केलीस.

दोन तासांनी बोट टोचलं.
आकडा इथं लिहीत नाही.

मीठ काळपट झालंय.
भाजीला चालायचं नाही, टाकवत नाही.
गार झाल्यावर बरणीत भरलं, वर चिठ्ठी चिकटवली,
पावतीवर लिहायचो त्या उभट अक्षरात:
केकचं मीठ. टाकू नये.