एका हातानं पेलेल असं

हल शहरात, रेल्वेपुलाच्या पलीकडे,
डायलिसिसच्या खोलीत आठ खुर्च्या.
सोमवार, बुधवार, शुक्रवार. चार-चार तास.
दाराशीच वजनकाटा.
मारिसेल ओरडते, "पुस्तक खाली ठेवा आधी!
मागच्या खेपेला तुमच्या कादंबरीइतकं पाणी
उगाच काढलं मी अंगातून."

डावा हात यंत्राचा. दोन सुया, चिकटपट्टी, हलायचं नाही.
उरला उजवा.
म्हणून आमच्याकडे पुस्तकाची पहिली चौकशी
लेखकाची नसते, विषयाची नसते.
एका हातानं पेलतं का?
पान अंगठ्यानं उलटतं का?
जाड पुठ्ठ्याचं कितीही थोर असो,
तिसऱ्या तासाला छातीवर आपटतं.

चार नंबरच्या विनिफ्रेडबाई
चाळीस वर्षं शाळेत जेवण वाढायच्या,
खुनाशिवाय काही वाचत नाहीत.
"हे घे," म्हणतात, "नवराच मारतो, पण तो नवरा नव्हेच."
म्हणजे सांगूनही टाकतात आणि नाहीही.

हेमिन, कुर्दी न्हावी, त्याच्याकडे एकच पुस्तक,
गाडीच्या लेखी परीक्षेचं. तीनदा नापास.
पण शिफारस मनापासून:
"ताई, ब्रेक दाबल्यावर थांबायला किती अंतर लागतं,
तेवढं प्रकरण वाचाच.
पावसात दुप्पट. बर्फात दहापट.
मला कुणी सांगितलंच नव्हतं."
मी वाचलं. खरंच चांगलं आहे.

आणि सहा नंबरला ऑसी ब्लेंकिन,
आइसलंडपर्यंत जाळी टाकून आलेला,
एका कानाची पाळी हिमानं खाल्लेली,
वाचतो फक्त गुलाबी मुखपृष्ठाच्या प्रेमकथा.
समुद्रावरच्या कादंबऱ्या?
"त्यात कुणाचे हातच गारठत नाहीत."
आधी शेवटचं पान वाचतो, मग पहिलं.
"माझं वय बघा, माझी किडनी बघा. हिशेब आधी पाहावा."
आवडलं तर आतल्या पानावर पेन्सिलीनं एक मासा काढतो.
फार आवडलं तर दोन.

माझं पुस्तक इचलकरंजीहून बहिणीनं धाडलेलं.
अक्षरं बघून ऑसी म्हणाला,
"ही तर मासळी वाळत घातलीय दोरीवर.
चला, सांगा."
मग मी सांगू लागले, अडखळत, इंग्रजीत,
एका पोस्टमनची गोष्ट, जो उशिरा आलेली पत्रं
पुन्हा लिहून काढतो, तारीख ताजी टाकतो, मग वाटतो.
"खोटारडा," ऑसी.
"दयाळू," विनिफ्रेडबाई, डोळे मिटून.
हेमिन: "त्याच्याकडे लायसन आहे?"
हुरहुर म्हणजे काय, ते काही केल्या सांगता येईना.
पुस्तक मांडीवर टाकलं, उजवा हात छातीवरून फिरवला.
ऑसी म्हणाला, "हां. ते."
शेवट मात्र तो रोज मागायचा,
आणि मी द्यायचे नाही.

गेल्या गुरुवारी रात्री दोनला त्याला लीड्सहून फोन आला.
शुक्रवारी सहा नंबर रिकामी, चादर ताणलेली.
आम्ही विचारलं नाही. इथे विचारायची रीत नाही.
मारिसेलच म्हणाली: मिळाली. लागली. लघवीसुद्धा झाली.
विनिफ्रेडबाई रडल्या,
मग म्हणाल्या, "माझा खून घेऊन गेलाय मेला."

त्याची प्रेमकथा खिडकीत राहिली होती.
वाचली. सुमार आहे.
नायक पावलोपावली रुसतो,
नायिकेला डोकं दिलंय, वापरू दिलेलं नाही.
हे सगळं मी रिकाम्या खुर्चीला ठणकावून सांगितलं.
मग आतलं पान उघडलं.
तीन मासे.

आज त्याचं कार्ड आलं, अक्षर लाटेवर लिहिल्यासारखं:
"पोस्टमनचं पुढे काय होतं
ते कळवू नका.
येईन तेव्हा पहिल्या पानापासून."

सहा नंबरला नवा मुलगा आलाय,
भिंतीकडे बघत बसतो.
विनिफ्रेडबाईंनी लगेच एक जाडजूड खून पुढे केला.
मी म्हटलं, थांबा हो,
आधी त्याचा मोकळा हात कुठला, ते तर बघू.