स्वल्पविराम काढताना

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
मंगळवारी साडेसहाला मी इंग्रजी शिकवते.
हीटर एकच. तोही खिडकीपाशी, रस्त्याला ऊब देत बसलेला.
मासळीच्या कारखान्यातून सगळे थेट येतात,
हात लिंबाने चोळून येतात,
तरी वह्यांना कॉडचा वास.

आधी 'माय' आणि 'माइन' झालं.
कारवान म्हणाला, एकासाठी दोन शब्द कशाला?
मी म्हटलं, माय एकटा उभा राहत नाही,
त्याला पुढे काहीतरी लागतं: कोट, चावी, घर.
माइनचं कुणावाचून अडत नाही.
मग मी अजून मायच आहे, तो म्हणाला,
आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसला.

इदालिनाने लिहिलं होतं:
माझा भाऊ आणि तिची बायको.
तिच्या पोर्तुगीजमध्ये वस्तू बघून शब्द बदलतो.
इंग्रजी वस्तूकडे बघतसुद्धा नाही, मी सांगितलं,
ती फक्त विचारते, मालक कोण.
ती पुटपुटली, इथल्या घरमालकांसारखी.

आणि मग संबंधी वाक्यं.
हू, विच, हूज.
हूज मला पहिल्यापासून आवडतो.
ज्याची सायकल चोरीला गेली तो पोस्टमन,
जिचा कुत्रा भुंकत नाही ती शेजारीण.
एका शब्दात माणूसही येतो
आणि त्याच्याकडे काय आहे, काय नाही, तेही.

लेतेब्रहान मागच्या बाकावर बसते. पूर्ण उत्तर कधी देत नाही.
तिच्या भाषेत, ती एकदा म्हणाली होती,
वर्णन पुढे चालतं,
माणूस मागून येतो.
वाट बघावी लागते.

तिच्या वहीत निळ्या शाईत एक वाक्य होतं:
माझा मुलगा जो कार्डिफला राहतो तो बेकरीत काम करतो.
मी लाल पेनाने दोन स्वल्पविराम घातले,
एक मुलगाच्या मागे, एक राहतोच्या मागे,
आणि समासात लिहिलं: छान.

वर्ग सुटल्यावर ती थांबली.
खुर्च्या एकमेकींवर चढवल्या, न सांगता.
मग वही उघडून म्हणाली, बाई,
तुम्हीच सांगितलंत,
स्वल्पविराम घातले तर मुलगा एकच,
नाही घातले तर आणखी आहेत,
त्यातला हा कुठला, ते सांगतोय.

हो, मी म्हटलं. नियम तोच.

मला दोन आहेत.
दुसरा फिलमोन.
तो लिबियापर्यंत होता.

खाली कुणीतरी पुस्तकांची ट्रॉली ढकलत होतं,
तिचं एक चाक कुरकुरत होतं, बराच वेळ.
माझ्या तोंडात दुरुस्ती आली होती, सवयीने:
आहेत नव्हे, होते.
क्रियापदाला काळ असतो,
ते मी त्यांना पहिल्याच महिन्यात शिकवलं आहे.
पण 'माझा'ला काळ नसतो.
बावीस वर्षं हेच शिकवते आहे,
आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ड्रॉवरमधून पांढऱ्या शाईची बाटली काढली,
ब्रश सुकलेला, फुंकर घालून ओला केला,
आणि दोन्ही लाल खुणांवर एकेक ठिपका ठेवला.
वाळेपर्यंत आम्ही दोघी वहीकडे बघत राहिलो.
तिने 'छान'वर बोट ठेवलं: हे राहू द्या.

पुढच्या महिन्यात परीक्षा आहे.
तपासणारा लिंकनमध्ये बसतो, तिला ओळखत नाही.
त्याला ते वाक्य दोन्ही प्रकारे बरोबरच वाटेल.

कागद उजेडात तिरपा धरला
तर पांढऱ्याखालून लाल थोडं दिसतं.
आणि बोट फिरवलं
तर दोन ठिकाणी लागतं,
अगदी किंचित वर आलेलं.